‘नाही’ म्हणायचंच असेल, तर रांगेच्या आधी म्हणा

थीम पार्क चालवणारे, राइड बनवणारे आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून आमचे बार दाबणारे, या सगळ्यांना खुलं पत्र

प्रिय थीम पार्कवाल्यांनो,

माझी उंची 183 सेंटिमीटर आणि वजन 122 किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. हे आकडे सांगायची मला लाज वाटत नाही. वाटली होती एकदाच, ती तुमच्याकडे. कोणत्या पार्कात ते लिहीत नाही. ज्यांच्याकडे घडलं त्यांना आठवतही नसेल, आणि बाकीच्यांकडे रोज घडतच असतं.

रांग एक तास चाळीस मिनिटांची होती. सोबत माझी नऊ वर्षांची भाची. कुठल्या वळणावर हात वर करायचे, कुठे ओरडायचं आणि फोटो निघतो तिथे कसलं तोंड करायचं, हे सगळं तिने रांगेतच पक्कं करून ठेवलं होतं. शेवटी आमचा नंबर लागला. फाटक उघडलं, आम्ही बसलो, आपल्याला सीटमध्ये अडकवून ठेवणारे बार खाली आले. तिचा खटखट करत मांडीवर जाऊन बसला. माझा पोटाशी अडला.

एक मुलगा आला, असेल विशीतला. “मॅडम, श्वास सोडा.” सोडला. त्याने दाबून पाहिलं. मग दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी तळहातावर तळहात ठेवून, एक-दोन-तीन म्हणत, गच्च भरलेल्या बॅगेची चेन लावावी तसा माझ्यावर जोर लावला. कुलूप बसल्याचा एक ‘टक्’ आला. त्यांना आणखी एक हवा होता. तो आला नाही. तेवढ्यात स्पीकरवरून आवाज, ‘थोडा विलंब होत आहे, कृपया सहकार्य करावे.’ विलंब म्हणजे मी. पुढच्या डब्यातल्या बायका मागे वळून बघायला लागल्या. रांगेतल्या कोणाचा तरी फोन वर गेलेला मला दिसला. ‘सॉरी मॅडम’ ऐकू आलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, यावरून काय ते समजा.

डब्यातले सगळे बार एकदमच उघडतात, त्यामुळे भाचीचाही उघडला. तिला म्हटलं, तू जाऊन ये. ती उतरली. बाहेर पडायचा जिना पलीकडच्या बाजूला, म्हणजे गाडी ओलांडूनच जायचं, आणि ओलांडताना सगळ्यांचे पाय आत घ्यायला लावायचे. जिन्यावर ती म्हणाली, “आत्या, तुझी उंची जास्त झाली असेल.”

आमच्या घरात इतकं सांभाळून दुसरं कोणी बोलत नाही.

आता त्याच मुलीची एक आधीची गोष्ट. चार वर्षांपूर्वी ती अशाच एका राइडच्या दारात, तुमच्या त्या लाकडी प्राण्यासमोर उभी होती. त्याचा आडवा हात 120 सेंटिमीटरवर, ती 118. बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी ये.” ती रडली. तीन-चार मिनिटं, फार तर. पुढच्या वर्षी गेल्या गेल्या आधी त्या प्राण्याकडे पळाली, डोकं त्याच्या हाताला लागलं तशी नाचली. तिला नकार मिळाला होता, पण दारात मिळाला होता, एका आकड्यावर मिळाला होता, आणि नकार देणारा लाकडाचा होता. रांगेत तास-दीड तास काढायला लावून, गाडीत बसवून, दोन माणसांनी दाबून बघून मग तिला कोणी सांगितलं नाही की तू बसत नाहीस.

लहान मुलांसाठी पट्टी दारात. आमच्यासाठी मात्र सीट हीच पट्टी, आणि तीही शेवटच्या पायरीवर. मला ही पट्टी तिथून उचलून दारात आणून हवी आहे. बाकी सगळं पत्र त्याचाच पाल्हाळ.

एक गैरसमज आधीच मिटवते. मी नियम सैल करा असं म्हणत नाही. उलट कोणी माझ्यासाठी सैल करायला लागला तर मी स्वतः उतरेन. 1884 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने स्विचबॅक रेल्वे ही आजच्या रोलर कोस्टरची पूर्वज सुरू केली, तेव्हा ती गाडी ताशी जेमतेम 10 किलोमीटरने जायची आणि लोक बाकावर बाजूला तोंड करून बसायचे. बाकाला कोणाच्या कमरेशी काय घेणंदेणं? आजची कोस्टर चढाच्या माथ्यावरून खाली वळते तेव्हा सीट खाली जाते आणि आपलं शरीर मात्र सरळ वर जायला निघतं. त्या क्षणी आपण गाडीत असतो ते त्या बारमुळे. आणि बार बसायला हवा मांडीवर, कमरेच्या हाडाशी. पोटावर टेकलेला बार घट्ट वाटतो खरा, पण पोट मऊ. माथ्यावर ते सरकतं, दबतं, आणि बार व हाड यांच्यामध्ये जागा तयार होते. म्हणून तो दुसरा ‘टक्’ हवा असतो. त्या मुलांनी मला उतरवलं हे बरोबरच केलं.

24 मार्च 2022 ला अमेरिकेतल्या ऑर्लँडोत काय झालं हे तुमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. उंच मनोऱ्यावरून सोडून देणारी फ्री फॉल राइड, 14 वर्षांचा, वयाच्या मानाने दांडगा मुलगा, ब्रेक लागताना सीटमधून निसटला आणि गेला. राइडच्या पुस्तिकेत 130 किलोची मर्यादा लिहिलेली होती. मुलगा त्याहून बराच जड होता. चौकशीत निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने सरकवून ठेवला होता, त्यामुळे हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून खाली येणारी चौकट, नेहमीपेक्षा जास्त उघडा राहूनही यंत्रणेच्या लेखी तो बंदच होता. त्या मुलाला कोणी हसलं नसेल. त्याला कोणी ‘सॉरी’ही म्हटलं नाही. त्या दिवशी कोणीतरी म्हणायला हवं होतं. नंतर तो मनोरा काढून टाकला.

आणि 2013 च्या जुलैमध्ये टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला, न्यू टेक्सस जायंट या कोस्टरवरून एक बाई पडून गेल्या. सप्टेंबरमध्ये राइड पुन्हा सुरू झाली ती बारच्या गाद्या बदलून, सीट बेल्ट जोडून. आणखी एक केलं होतं, ज्याचं मला सगळ्यांत जास्त अप्रूप आहे: राइडच्या दाराशी एक सीट आणून ठेवली. रांगेत शिरायच्या आधी बसून बघा, बसताय का. एक जीव गेल्यावर सुचलं असं म्हणा हवं तर, पण सुचलं. म्हणजे मी मागतेय ते काही आकाशातले तारे नाहीत.

आता मापांकडे येऊ, कारण तुमची सगळ्यांत मोठी गफलत तिथे आहे. तुमच्या फलकांवर लिहिलेलं असतं, ‘विशिष्ट शरीरयष्टीच्या पाहुण्यांना या राइडचा लाभ घेता येणार नाही.’ ही विशिष्ट शरीरयष्टी म्हणजे नक्की कोण? मी स्वतःला विशिष्ट समजत नाही, बरीचशी सर्वसाधारण समजते. कुठे कुठे वजनाचा आकडा देतात. तोही निम्मा खरा. माझ्याच वजनाचा माणूस ज्या सीटमध्ये आरामात बसतो, त्यात मी बसत नाही, आणि याच्या उलटही होतं. खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसला छाती आणि खांद्यांची जाडी लागते. व्यायाम करून छाती भरदार केलेले तरुण तिथे अडकतात, चेहरा पाहण्यासारखा होतो बिचाऱ्यांचा. भरल्या छातीच्या बायका अडकतात. मांडीवर येणाऱ्या लॅप बारला पोट आणि मांडी लागते. मोटारसायकलसारखं ओणवं बसवणाऱ्या राइडला तर पोटऱ्या! फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली ट्रॉन राइड एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली, तिच्यात पायांमागून येणारं कुलूप पोटरीवर बसतं. सायकल चालवून पोटऱ्या कमावलेला सडसडीत माणूसही तिथे अडू शकतो. पण त्यांनी दारातच बसून बघायला गाडी ठेवली, आणि काही गाड्यांच्या शेवटच्या डब्यात साध्या बैठकीची सीट दिली. सांगायचं एवढंच की किलो ही चुकीची भाषा आहे. सेंटिमीटर बोला.

युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडने ते बोलून दाखवलं. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे मारिओ कार्ट या व्हिडिओ गेमवरची राइड सुरू झाली, तेव्हा सूचना होती की ज्यांच्या कमरेचा घेर 40 इंच किंवा त्याहून जास्त आहे त्यांना कदाचित बसता येणार नाही. त्यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. मीही चिडले, कारण ती राइड काही उलटीपालटी होणारी नाही. डोळ्यांवर चष्मा लावून, संथ गाडीतून, पडद्यावरच्या शत्रूंवर कवचं फेकायची. तिथे 40 इंचांची अट वेगाने घातलेली नाही, सीट कापणाऱ्याने घातली आहे. ती आणखी चार बोटं रुंद कापली असती तर भौतिकशास्त्राने हरकत घेतली नसती. आणि तरीही त्या 40 च्या आकड्याचे मी आभार मानते. घरी बसून, इंचटेप लावून, आपण तिथे जायचं की नाही हे मला ठरवता आलं. अपमान झालाच असेल तर तो माझ्या आरशासमोर, माझ्या सवडीने झाला.

अभियंत्यांना एक वेगळं सांगायचंय. माणसांच्या मापांवर काम करताना 5 व्या ते 95 व्या पर्सेंटाइलमधला, म्हणजे शंभर माणसं मापाच्या क्रमाने उभी केली तर दोन्ही टोकांची पाच-पाच सोडून मधला, माणूस धरायची पद्धत जुनी आहे. कुठेतरी रेघ मारावी लागते, हे कबूल. पण वरच्या रेघेच्या पलीकडे शंभरातले पाच राहतात, म्हणजे प्रत्येक विसांतला एक. शिवाय हे झालं एका मापाचं. उंचीत बसणारा मांडीत बसत नाही, मांडीत बसणारा खांद्यात. चार मापं एकत्र धरली की बाहेर राहणारे पाचाहून कितीतरी जास्त होतात. तुमच्या एका गाडीत चोवीस माणसं बसत असतील तर आम्ही बहुतेक खेपांना असतोच. अपवाद म्हणून आम्हाला हाताळू नका, आम्ही तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहोत.

आणि एकच बार दोघांना मिळून लावणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. तो बार माझ्या पोटाशी थांबतो, आणि शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मांडीपासून वीतभर वर राहतो. ती आतल्या आत घरंगळते. अशा राइडवर मी भाचीबरोबर बसत नाही, आम्ही पुढच्या-मागच्या डब्यात बसतो. हे मला कोणत्याही फलकाने सांगितलेलं नाही, एका वळणावर तिला हाताने धरून ठेवावं लागलं तेव्हा समजलं.

उंचीचं बोलले, तर माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. तो भाचीचा बाप. 196 सेंटिमीटर आणि काठीसारखा बारीक. काही कोस्टरना कमाल उंचीचीही मर्यादा असते, बहुतेक 195 ते 200 सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे तोही परत पाठवला जातो. कारण साधं आहे. गाडी खांबांखालून, कमानींखालून जाते, आणि बसलेल्या माणसाने हात पूर्ण ताणले तरी कशालाही लागू नयेत एवढी मोकळी जागा गाडीभोवती धरलेली असते. हात लांब तर ती जागा अपुरी. पण गंमत बघा. दादाला उतरवतात तेव्हा कर्मचारी हसून म्हणतो, “सर, फारच उंच आहात!” आणि ती तक्रार न राहता शाबासकी होते. रांगेतले लोकही कौतुकाने बघतात. मला उतरवतात तेव्हा कोणीतरी हळूच सल्ला देतं. नियम एक, सीट एक, आणि नकाराची चव अशी दोन प्रकारची.

तरी दादाचे हाल माझ्यापेक्षा कमी नाहीत. त्याला बसू देतात तेव्हाच खरे हाल. गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकलेले, प्रत्येक ब्रेकला तिथेच ठोका. खांद्यावरचा हार्नेस त्याच्या खांद्यांच्या वर राहतच नाही, खांद्यांवरच रुततो, आणि कान दोन्ही बाजूंनी आपटत राहतात. उतरल्यावर म्हणतो, “मजा आली,” आणि मान धरून बसतो. पुन्हा त्यातही पायांची उंची वेगळी आणि धडाची वेगळी. बसल्यावर दादा आणि मी जवळजवळ एका उंचीचे दिसतो, त्याची सगळी लांबी पायांत आहे. दाराशी त्याला उभं करून मोजता, पण राइडमध्ये तो उभा कुठे असतो? कमाल उंची लिहा, पण सीटपासून डोक्यापर्यंत किती आणि गुडघ्यांपुढे जागा किती, हेही लिहा.

पाण्याच्या घसरगुंड्यांवर वजनकाटे असतात. त्यांना माझी हरकत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 2014 मध्ये सुरू झालेल्या व्हेरुक्ट घसरगुंडीवर तिघांच्या तराफ्याचं एकूण वजन साधारण 181 ते 249 किलोंमध्ये असावं लागायचं. म्हणजे तिथे हलक्यांनाही मज्जाव होता, त्यामुळे वजन हा कोणाचा गुन्हा नव्हता, हिशेब होता. आणि वजन तराफ्यात कुठे बसवलं हेही तितकंच महत्त्वाचं, हे 2016 मध्ये तराफा हवेत उडून दहा वर्षांचा मुलगा गेला तेव्हा दिसलं. तेव्हा काटा ठेवा, जरूर ठेवा. फक्त तो आकडा क्रिकेटच्या धावफलकासारखा रांगेकडे तोंड करून लावू नका. हिरवा दिवा, लाल दिवा, बस्स.

बसून बघायच्या सीटबद्दलही तेच. कित्येक ठिकाणी ती ठेवलेली असते, पण कुठे? दुकानाच्या आणि स्वच्छतागृहाच्या मधल्या वाटेवर, उन्हात, पार्कातली निम्मी जनता जिथून जाते तिथे. मग तिच्यात शाळकरी पोरं फोटो काढायला बसतात, आणि जिला खरोखर बसून बघायचंय ती चार वेळा शेजारून जाते आणि शेवटी म्हणते, जाऊ दे, तुम्ही जा, मी इथे पर्स सांभाळते. तुमच्या पार्कात बाकावर पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेल्या बायका मोजा कधीतरी. सगळ्याच काही भित्र्या नसतात. एक कुंपण, एक आडोसा, आत सीट, तीही गाडीतल्या सीटसारखी हुबेहूब, आणि किती ‘टक्’ लागतात ते लिहिलेली पाटी. शेजारी माणूसही नको.

हॅरी पॉटरची फॉरबिडन जर्नी ऑर्लँडोत जून 2010 मध्ये सुरू झाली. रोबोटच्या हातावर बसवलेला चौघांचा बाक. सुरुवातीला इतके लोक परत पाठवले जाऊ लागले की काही महिन्यांतच बाकाच्या दोन्ही टोकांच्या सीट मोठ्या माणसांना बसता येईल अशा बदलल्या. म्हणजे राइड बांधून झाल्यावरही बदल होतो, मनात असलं तर. काही कोस्टरच्या एखाद-दोन ओळींत जास्त लांब पट्ट्याच्या किंवा दोन बकलांच्या सीट असतात, हेही मला फार उशिरा कळलं. प्लॅटफॉर्मवरच्या मुलांना ती ओळ पाठ असते. पण नियम असा की पाहुण्याने विचारलं तर सांगायचं. अहो, अशी ओळ असते हेच ज्याला माहीत नाही तो विचारणार काय? रांगेच्या तोंडाशी एक वाक्य लिहा: ‘चौथ्या आणि पाचव्या ओळीत जास्त लांब पट्टे आहेत, हव्या त्या ओळीसाठी इथेच सांगा.’ एवढ्या एका ओळीवर कितीतरी लोकांचा दिवस वाचेल.

‘त्यापेक्षा वजन कमी करा ना’ असं म्हणणाऱ्यांनाही हे पत्र वाचता येणार आहे, म्हणून दोन शब्द. करतेय. तोवर शनिवारी कुठे जाऊ? आणि दादाने काय करावं, तेही सुचवा.

प्लॅटफॉर्मवरच्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना एक शिकवा मात्र. जोर लावायच्या आधी विचारायचं: “दाबून बघू का, की दुसऱ्या ओळीत बसून बघता?” आणि ‘एक-दोन-तीन’ म्हणायचं नाही. माझ्यावर ओणवा झालेला तो विशीतला मुलगा माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला होता. त्याला दिवसातून किती वेळा हे करावं लागत असेल, कोण जाणे. दारात आकडे लावलेत तर त्याचीही सुटका होईल.

पुढच्या महिन्यात भाचीची सुट्टी आहे. ती आता 143 सेंटिमीटर झाली आहे, बापाच्या वळणावर चालली आहे, आणि तुमच्या लाकडी प्राण्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिने मला सोबत यायचं कबूल करायला लावलंय, तेव्हा परवा रात्री आम्ही दोघींनी शिवणाच्या डब्यातली इंचटेप काढली. ती मोजत होती, मी लिहीत होते. कंबर 119 सेंटिमीटर. छाती 124. मांडी, बसल्यावर सगळ्यांत जाड जागी, 74. पोटरी 47. सीटपासून डोक्यापर्यंत 95. पाठीपासून गुडघ्यापर्यंत 66.

माझी मापं दिली. आता तुमच्या सीटची कळवा.

आपली,
गाडी ओलांडून पलीकडच्या जिन्याने उतरलेली आत्या